कासमबाबांची चूल

"…पण मग चूक कुठं झाली, बाबा?" मोहिल्यांनी विचारलं.

कासमबाबांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. दाराच्या फटीतून वारा शीळ घालत होता.

दक्षिण समुद्रात, जिथून पुढं नुसता बर्फच, तिथलं हे बेट. झाड उभं राहू नये असा वारा. शिडांच्या काळात एक जहाज इथं खडकावर फुटलं. त्यावरच्या कोकणी खलाशांनी इथंच संसार मांडले. त्यांची नातवंडं-पतवंडं मासे आणि बटाटे खाऊन जगली.

मोहिले बेटाचे प्रशासक म्हणून आले आणि इथले हाल बघून हळहळले. डॉक्टर नाही, शाळा नाही, जहाज वर्षातून एकदाच. त्यांनी हुकूम काढला आणि सगळी वस्ती शहरात नेली.

फकीर कासमबाबा तेवढे मागे राहिले.

आज वर्षाचं जहाज आलं होतं. मोहिले एकटेच उतरले होते.

"पक्की घरं दिली मी त्यांना. पोरं शाळेत जातात. खोटं काही सांगितलं नव्हतं, बाबा."

"नव्हतंस."

"पण खैरुनबी… पहिल्याच हिवाळ्यात गेली. साधं पडसं झालं होतं. दवाखाना समोर होता. खिडकी उघडा, समुद्र ऐकू येत नाही, एवढंच म्हणत राहिली."

बाबांनी डोळे मिटले. खैरुनबी त्यांची धाकटी बहीण. ही खबर त्यांना आत्ता कळत होती.

"माती कुणी दिली?"

"सगळ्यांनी. मीही दिली."

"बरं केलंस."

ते शब्द मोहिल्यांना जास्तच लागले. रागवले असते तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

"परत आणतो म्हटलं सगळ्यांना. तर म्हातारी माणसं एकेक करून मरत चाललीत. तरुणांना यायचं नाही. त्यांना तिथलं आवडलंय… हसतात, फिरतात. मग मी केलं ते बरं की वाईट? एवढं तरी सांगा."



मोहिल्यांचे दात वाजू लागले. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, झोपडीत विस्तवच नाही. कोपऱ्यात लाटांनी आणलेली लाकडं वाळवून रचली होती, तरी चूल थंड.

म्हातारा एकटा, हात चालत नसतील, असं वाटून ते उठले. दोन ढलप्या उचलल्या, खिशातून काडेपेटी काढली आणि चुलीशी वाकले.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

राखेत एक करडं पाखरू अंग फुगवून बसलं होतं. पोटाखालून अंड्याची पांढरी कड दिसत होती.

"गाव रिकामं झालं, तशी पाखरं घरात यायला लागली," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही इतके दिवस विस्तवाशिवाय… अहो, मराल अशानं! उचलू या पाखराला. बाहेर खडकाच्या आडोशाला चांगली जागा बघून देतो. इथल्यापेक्षा चांगली. अंडंसुद्धा अलगद नेईन, मी स्वतः…"

बोलता बोलता ते थांबले.

बाबा त्यांच्याकडे पाहत नव्हते. पाखराकडे पाहत होते.

मोहिल्यांनी काडेपेटी खिशात घातली. ढलप्या जागेवर नेऊन ठेवल्या. मग येऊन बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. ते उठले नाहीत.

"हे पाखरू उडून जाईपर्यंत…" त्यांनी हात काखेत दाबले. "तोवर काय करायचं, बाबा?"

बाबांनी आपल्या घोंगडीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"कुडकुडायचं."