कशालाही टाळ्या

गतिमंदांच्या लेझीमवर्गाचा निधी नगरपालिका बंद करणार, हे कळताच निवृत्त प्राध्यापक दाजीसाहेब खांबेटे त्याच वर्गात जाणाऱ्या चाळिशीच्या लेकीला, कुमुदला, घेऊन सभेत गेले. भाषण चार वेळा खोडून लिहिलं होतं, तरी ऐनवेळी पहिल्याच ओळीवर अडखळले.

नगराध्यक्ष हसले. "सर, यांना करमणुकीतलं काय कळतं हो? कशालाही टाळ्या वाजवतात!"

कुमुद उठली. "हो काका. आमच्या गॅदरिंगला तुमच्या भाषणालाही मीच वाजवल्या. बाकीचे झोपले होते."

दाजीसाहेबांच्या हातून कागद गळाला. आता संपलंच सगळं!

"लेझीम बंद केलंत, तर पुढच्या वेळी नाही वाजवणार," कुमुद म्हणाली.

मागे शिपाई फिस्सकन हसला. नगराध्यक्षांनी घाम पुसला. "निधी मंजूर."

"आता वाजवते," कुमुद म्हणाली.