शिवलिंगआप्पांचं ढिलं स्टीअरिंग

हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावात शिवलिंगआप्पा नावाचे हळदीचे व्यापारी राहत होते. माणूस सरळ, व्यवहाराला चोख. त्यांना अभिमान होता तो आपल्या गाडी चालवण्याचा. त्यांची पांढरी गाडी बरीच जुनी झाली होती, पण आप्पा ती भरधाव नेत आणि तरी मागे बसलेल्या माणसाला डुलकी लागत असे.

एकदा गॅरेजवाल्या सादिकभाईंनी त्यांना स्टीअरिंग हलवून दाखवलं. स्टीअरिंग बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती.

"आप्पा, खालचे जॉइंट झिजलेत. गावात कळणार नाही. पण वेगात गाडी भरकटेल. बदलून टाकू या."

"पॉवर स्टीअरिंग हलकंच असतं," आप्पा म्हणाले. "आणि ही गाडी माझ्या हाताला बसलीय. मला काही त्रास नाही."

सादिकभाईंनी पुन्हा सांगून पाहिलं. हळदीचा हंगाम चालू होता, गाडी गॅरेजात ठेवायला आप्पांना सवड नव्हती. ते किल्ली घेऊन निघून गेले.

हंगाम संपला, तरी गॅरेजचं राहूनच गेलं. पुढे त्यांची मुलगी महानंदा माहेरपणाला आली. नात्यात एक बारसं होतं. आप्पा, त्यांची पत्नी गिरिजाबाई आणि महानंदा, तिघं गाडीनं निघाली. अर्ध्या वाटेत आप्पांच्या पोटरीत जबर गोळा आला. पाय ब्रेकवर टेकवेना. त्यांनी कशीबशी गाडी कडेला थांबवली.

"आप्पा, उतरा. मी चालवते," महानंदा म्हणाली. सासरी ती रोज स्वतःची गाडी चालवायची.

आप्पा शेजारच्या सीटवर बसले. स्टीअरिंगचं हिला सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण सांगायचं म्हणजे सादिकभाईंचं खरं होतं असं कबूल करायचं. ते गप्प राहिले.

रस्ता मोकळा होता. गाडीनं वेग घेतला आणि महानंदाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आप्पा, स्टीअरिंग हाताला लागतच नाहीये."

"हलकं आहे ते. सवय होईल."

तेवढ्यात एक टँकर शेजारून सुसाट गेला. त्याच्या वाऱ्यानं गाडी डावीकडे ढकलली गेली. महानंदानं स्टीअरिंग उजवीकडे घेतलं. काहीच झालं नाही. तिनं आणखी फिरवलं, तशी गाडी एकदम उजवीकडे झेपावली. ती घाबरून उलट वळवायला गेली. गाडी रस्ता सोडून डाव्या बाजूच्या मातीत उतरली, कडेला ठेवलेल्या पेरूंच्या एका पाटीवरून गेली आणि धूळ उडवत थांबली.

महानंदाची बोटं स्टीअरिंगवरून सुटत नव्हती. आप्पांनी काचेतून बाहेर पाहिलं. चाकाखाली पेरूंचा चेंदामेंदा झाला होता, आणि पलीकडे पेरू विकणारी एक म्हातारी हातात पाण्याचा तांब्या धरून उभी होती. तिच्या हातातलं पाणी सांडत होतं, तिला त्याचं भान नव्हतं.

"मी तितंच बसले हुते," ती पुटपुटली. "पानी घ्यायला उठले. आत्ताच उठले."

माणसं धावत आली. म्हातारी धडधाकट आहे हे पाहिल्यावर त्यांचा राग गाडीकडे वळला.

"बाईमाणसाच्या हातात कशाला द्यायची गाडी?" एक जण ओरडला.

"येत नाही तर चालवायची कशाला?" दुसरा म्हणाला.

महानंदा खाली उतरली. "माझंच चुकलं," ती रडत म्हणाली. "कसं झालं मला कळलंच नाही."

आप्पा नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं. चूक मुलीच्या नावावर लागली असती, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. त्यांनी रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग दाराला धरून, लंगडत ते खाली उतरले.

"तिला बोलू नका," ते म्हणाले. "तिची काही चूक नाही. स्टीअरिंग ढिलं आहे. मला गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. मी दुरुस्त केलं नाही आणि हिलाही सांगितलं नाही."

महानंदा वळून वडिलांकडे बघतच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

आप्पांनी खाली बघत होकारार्थी मान हलवली. ते म्हातारीजवळ गेले, तिच्या पायांशी वाकले.

गाडी ओढून सादिकभाईंकडे नेली. त्यांनी झिजलेले जॉइंट बदलले, सैल पडलेले बोल्ट आवळले, चारही टायरमध्ये नेमकी हवा भरली आणि चाकांचं अलाइनमेंट करून दिलं. स्टीअरिंग आता हाताला लागत होतं. जरा फिरवलं की चाकं तेवढीच वळत होती.

आप्पा गाडी घेऊन निघाले. महानंदा शेजारी बसली. हमरस्त्यावर वेग वाढला तशी गाडी नागमोडी जाऊ लागली. आप्पा हबकले.

"सादिकनं काय केलं हे? गाडी अजून भरकटतेय!"

"गाडी नाही, आप्पा," महानंदा म्हणाली. "तुमचे हात बघा."

आप्पांनी खाली पाहिलं. त्यांचे हात सारखे हलत होते. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गेली कित्येक वर्षं ते असेच हलत आले होते आणि आप्पांना त्याचा पत्ताच नव्हता. ढिल्या गाडीला ते हात सांभाळून घेत होते. धड झालेल्या गाडीला तेच हात वेडीवाकडी नेत होते.

त्यांनी गाडी सावकाश कडेला घेतली, किल्ली काढून मुलीच्या हातात दिली.

"तू चालव," ते म्हणाले. "मला पहिल्यापासून शिकावं लागेल."

तात्पर्य: दोष अंगवळणी पडला म्हणजे तो नाहीसा होत नाही, तो फक्त आपल्याला दिसेनासा होतो, आणि आपण झाकलेल्या दोषाचा घाला पुष्कळदा दुसऱ्यावर पडतो.