ठिपकी मुंगी आणि शेवटचा हॉटडॉग

टेबलाच्या पायामागे एक मुंगी राहायची. तिचं नाव ठिपकी. घरात सात धाकटी भावंडं. सातही भुकेली.

टेबलावर असायचं मिनूचं आणि आजी-आजोबांचं जेवण. शनिवारी हॉटडॉग आणि बीन्स. हॉटडॉग म्हणजे लांब पावात लांब सॉसेज. बीन्स म्हणजे टोमॅटोच्या रसातले मऊ मऊ दाणे. दर शनिवारी तेच. कुणाची काही तक्रार नाही.

मिनूच्या चमच्यातून एक दाणा टेबलावर पडला. टप्! ठिपकीने धरला. ओढला. तेवढ्यात मिनूने ताटली सरकवली. घर्र! दाणा गेला ताटलीखाली.

"अगं बाई!" ठिपकी म्हणाली. "आता माझी भावंडं काय खातील?"

ती ताटलीकडे वळली.
"ताटली, ताटली, हल ना! माझा दाणा सुटेना."
ताटली म्हणाली, "मी नाही हलणार. आधी मिनू उठू दे. तीच मला उचलते."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली मिनूकडे.
"मिनू, मिनू, ऊठ ना! ताटली हलेना. माझा दाणा सुटेना."
मिनू म्हणाली, "मी नाही उठणार. आधी आजी उठू दे. नाहीतर आजी रागावते."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली आजीकडे.
"आजी, आजी, ऊठ ना! मिनू उठेना. ताटली हलेना. माझा दाणा सुटेना."
आजी म्हणाली, "मी नाही उठणार. आधी हे उठू देत. यांना एकटं जेवायला आवडत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली आजोबांकडे.
"आजोबा, आजोबा, उठा ना! आजी उठेना. मिनू उठेना. ताटली हलेना. माझा दाणा सुटेना."
आजोबा म्हणाले, "मी नाही उठणार. आधी तो शेवटचा हॉटडॉग संपू दे. अन्न टाकून उठत नसतात."

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली हॉटडॉगकडे.
"हॉटडॉगदादा, हॉटडॉगदादा, संप ना! आजोबा उठेनात. आजी उठेना. मिनू उठेना. ताटली हलेना. माझा दाणा सुटेना."
हॉटडॉग म्हणाला, "मी केव्हाचा तयार आहे. मला कुणी घेतच नाही. ऐक."

ठिपकीने ऐकलं.
"तू घे गं," आजोबा म्हणाले.
"छे, तुम्हीच घ्या. माझं झालं," आजी म्हणाली.
"आजोबांना द्या," मिनू म्हणाली.
"नको, मिनूला द्या," आजी म्हणाली.
सगळ्यांना हवा होता. सगळे नको म्हणत होते. हॉटडॉग गार होत होता.

"मी घेते," ठिपकी म्हणाली.

सगळ्यांच्या माना ठिपकीकडे वळल्या.

"घे बाई, घे," आजी म्हणाली.

ठिपकीने पावाचा एक कण घेतला. कुट्! पोट भरलं.

आजोबांनी वाकून पाहिलं. "हं. आता हा शेवटचा नाही. आता हा उरलेला."
"उरलेलं टाकायचं नाही हं," आजी म्हणाली.

आजोबांनी तीन तुकडे केले. गट्टम! गट्टम! गट्टम!

हॉटडॉग संपला. आजोबा उठले. आजी उठली. मिनू उठली. ताटली हलली. दाणा सुटला!

जरा चपटा झाला होता. पण होता दाणाच.

ठिपकीने तो ओढत ओढत घरी नेला. सर्रर्र, थांब. सर्रर्र, थांब. सात भावंडं सात बाजूंनी बसली. "तू घे, तू घे" असं कुणीच म्हणालं नाही.

मचमच मचमच.

दाणा संपला. गोष्टही संपली. आता तोंड पुसा.