बांधावरची कोरी ओळ

सावरदऱ्याच्या तळ्यावर आलात की आधी बांधाच्या तोंडाशी उभी असलेली ही शिळा बघा. वरची ओळ आपल्या अक्षरांत आहे, तिच्यात शक कोरलाय. खालची फारसी, तिच्यात हिजरी सन. वर्ष एकच, नावं दोन. आकडे तेलाशेंदरानं पार बुजलेत, त्यामुळे शहरातून येणारे शहाणे इथं एकमेकांशी भांडतात आणि घाम पुसत परत जातात. भांडू देत. आमच्या लेकीसुना हात लावून नमस्कार करतात तो मधल्या ओळीला. आता तुम्ही म्हणाल, मध्ये तर काहीच नाही. तेच तर सांगायचंय.

फार जुनी गोष्ट. पाऊस रुसलेला, गुरं मेलेली, माणसं गाव सोडून चाललेली. तेव्हा इथल्या ठाणेदारानं सरकारी कोठारातून गावाला धान्य देऊ केलं, असं सांगतात. अट अशी, की ते खाऊन गावानं तळ्याचा बांध घालायचा आणि एका वर्षात पुरा करायचा. गावचा जोशी होता दामोदर. पंचांगात मुरलेला माणूस, आणि स्वतःच्या गणितावर भारी भरवसा. पाटलानं त्याच्याकडं बघितलं. जोशी छातीठोकपणे म्हणाला, "होईल वर्षात." त्यावर ठाणेदार म्हणाला, "ज्यानं मुदत कबूल केली, त्याच्याच घरचा माणूस ठाण्यावर जामीन राहील. मुदत चुकली तर तो फौजेबरोबर दक्षिणेला जाईल." दक्षिणेच्या मोहिमेवरून तेव्हा कुणी परत येत नसे.

जोश्याला मूलबाळ नव्हतं. होता तो पाठचा भाऊ, मुकुंद. आईबाप गेल्यावर जोश्यानंच त्याला वाढवलं, मुंज लावली, लग्न लावलं. लग्नाची हळद अजून उतरली नव्हती. तरी मुकुंद हसतच निघाला म्हणे. बायकोला, उमाईला, म्हणाला, "काळजी कसली करतेस? दादाचं गणित कधी चुकलंय का?"

त्या साली योग असा, की आपला गुढीपाडवा आणि हिजरी सनाचा पहिला दिवस एकाच चांदाला आले. सगळ्यांना वाटलं, देवानंच हिशोब सोपा केला. सुरुवात एक, म्हणजे शेवटही एकच. जोश्यालाही तसंच वाटलं, आणि तिथंच घात झाला.

चैत्रात बांध चढू लागला. मग लागला अधिक वैशाख. अधिक महिना म्हणजे चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून तोकडं पडतं म्हणून आपल्याकडं मध्येच घातलेला वरचा महिना. त्यात शुभकार्य करत नाहीत. पाटील विचारायला आला, "जोशीबुवा, नवा थर घालायचा ना?"

"छे छे! अधिकात थर? हा महिना हिशोबात धरायचाच नाही. शेवटी अख्खा फाल्गुन आहे की आपल्या हातात!"

झालं. माणसं घरी बसली. ऊन कडक, माती कोरडी, कामाचे खरे दिवस ते, सगळे वाया गेले. उमाईनं दाराआडून भीत भीत विचारलं, "भावोजी, ठाण्यावरपण हा महिना सोडून देतात का हो?" जोशी तिच्यावर खेकसला, "चंद्र काय त्यांचा वेगळा आहे?"

पावसाळ्यात काम थांबलं, दिवाळीनंतर पुन्हा लागलं. माघ सरला तेव्हा बांधात एक खिंडार तेवढं उरलं होतं, दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढं. गाव निवांत होतं. पोरं होळीसाठी गोवऱ्या गोळा करत होती. फाल्गुनाची कोर दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा स्वार आला. त्यानं खिंडार बघितलं, "वर्ष भरलं," एवढंच बोलला आणि घोडा वळवला.

जोशी अनवाणी घोड्यामागं धावत सुटला. ठाण्यावर पोचला तोवर दिवस कलला होता. "सरकार, अजून महिना आहे!" असं म्हणून त्यानं ठाणेदाराचे पाय धरले.

ठाणेदार काही राक्षस नव्हता. त्यानं जोश्याला उठवलं. म्हणाला, "कुठला महिना, जोशी? पाडव्यापासून बारा चांद झाले. आमचं वर्ष बारा चांदांचं. आमच्यात अधिक नसतो."

हे जोश्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! दुसऱ्यांना शिकवायचा तो. पण मुदत घेताना वर्ष कुणाचं, एवढं विचारायचं त्याला सुचलं नाही. "मला न्या, त्याला सोडा," म्हणून तो गडाबडा लोळला. ठाणेदार म्हणाला, "दुपारीच शेवटची तुकडी निघाली, तिच्याबरोबर गेला तो. मलाही वर जाब द्यावा लागतो. पण जाईपर्यंत तुझा भाऊ एकच सांगत होता. अजून महिना आहे, माझ्या दादानं सांगितलंय."

जोशी घरी आला. उमाई दारात उभी. "भावोजी, भरलं का हो वर्ष?" उंबऱ्यावर बसून तो ढसाढसा रडला.

बांध पाडव्याला पुरा झाला, जोश्याच्या हिशोबाप्रमाणे अगदी वेळेवर. ठाणेदारानं शिळा उभी करवली आणि दोन्ही सन कोरायला सांगितले. पाथरवटानं जोश्याला विचारलं, "बुवा, मधी जागा सोडा म्हणालात. तिथं काय घालू?"

"मुकुंदाचं वर्ष. ते अजून भरलेलं नाही. तो आला की त्यालाच विचारून कोर."

मुकुंद आला नाही. उमाईनं कुंकू पुसलं नाही. मग पुन्हा अधिक महिना आला, गाव रिवाजाप्रमाणे हात बांधून बसलं, आणि भर सकाळी उमाई डोक्यावर धोंडा घेऊन बांधाकडं निघाली. बायका ओरडल्या, "अगं, अधिक चालू आहे!" उमाई थांबली नाही. म्हणाली, "ते आहेत तिकडं अधिक नाही. तिकडं हा महिना मोजतात." ओट्यावर बसलेल्या जोश्यानं ते ऐकलं. तो उठला, जन्मात पहिल्यांदा शास्त्र बाजूला ठेवलं, खांद्यावर धोंडा घेतला आणि तिच्या मागून चालू लागला. मग हळूहळू सगळं गाव निघालं म्हणे.

आजही अधिक महिना लागला की इतर गावांत जावयाला पुरणाचे धोंडे वाढतात, आणि आमच्याकडं जावई आधी बांधावर खरा धोंडा ठेवून येतो, मग पानावर बसतो. रुसतात काही जण, पण ठेवतात. आणि दर पाडव्याला पाथरवटाच्या घरचा माणूस छिन्नी-हातोडा घेऊन सकाळीच या शिळेपाशी येतो. दिवसभर वाटेकडं बघत बसतो. दिवस मावळला की मधल्या ओळीवरची धूळ पंच्यानं पुसतो, हत्यारं पिशवीत भरतो आणि घरी जातो.