गोटा टायर आणि स्प्रिंगचा चिमटा

मुलांनो, एका डोंगराच्या माथ्यावर मोठे पठार होते आणि पायथ्याशी ओढ्याकाठचे दाट रान होते. या दोहोंना जोडणारी एकच वाट होती, दगडाधोंड्यांची आणि उतरणीची. त्या वाटेवर एक ससा रोज सायकल चालवीत असे.

पठारावर एक म्हातारे अस्वल राहत होते. ते साऱ्या रानाचे वैद्य. मुळ्या आणि झाडपाला उकळून ते औषधे करी, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरी आणि सशाच्या हवाली करी. ससा तुंबा कॅरिअरला बांधून खालच्या रानात ज्याचे त्याला पोहोचवीत असे. सायकल जुनी होती, पण डोंगरासाठीच बनवलेली, जाड चाकांची. सशाला आपल्या कामाचा अभिमान होता आणि आपल्या वेगाचा त्याहून अधिक.

एकदा वैद्याने त्याला मधाचे मडके दिले. "दोन वर्षं न चुकता जातोस-येतोस. हे घे, आणि सायकलीला काय हवं ते करून घे."

रानात सायकली दुरुस्त करणारी एकच होती, ती म्हणजे घोरपड. एका कलत्या खडकाखाली तिचे दुकान होते. मध, फळे, कंदमुळे, जे मिळेल ते घेऊन ती काम करी. एका मडक्यात सायकलीचे एखादेच काम होणार, हे सशाला ठाऊक होते. कोणते, ते मात्र ठरेना.

पाणवठ्यावर त्याने विषय काढला आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. मोर म्हणाला, "सीट बदल. लांबून पहिली सीटच दिसते." कोल्हा म्हणाला, "गिअर वाढवून घे. चढावर सगळ्यांना मागे टाकशील." वानर आपल्या नव्या सायकलीवरून उंच कातळावर चढला, तिथून सरळ खाली उडी मारली आणि हसत सशाच्या पुढ्यात येऊन थांबला. त्याच्या सायकलीचे पुढचे चाक धरणारा चिमटा स्प्रिंगचा होता. चाक खाली आदळले तेव्हा तो चिमटा नुसता दबला आणि परत वर आला.

"बसून बघ एकदा," वानर म्हणाला.

ससा बसला. ज्या दगडांवरून जाताना त्याची मनगटे रोज ठणकत, ते दगड जणू गवताचे झाले होते. सायकलीवरून उतरला तेव्हा त्याचे ठरले होते.

घोरपडीच्या दुकानात तो मडके घेऊन गेला तेव्हा ती एका चाकाच्या तारा ताणत बसली होती. तिने पाना खाली ठेवला आणि सशाकडे न पाहता त्याच्या सायकलीकडे पाहिले. पुढच्या टायरवरून तिने पंजा फिरवला. मग मागच्या टायरवरून फिरवला.

"टायर गोटा झालेत तुझे," ती म्हणाली. "नक्षी पार झिजलीय."

"अजून फुटले नाहीत की, आजी."

"फुटायचे नाहीत. घसरतील. बरं, मला सांग, वाटेत कुठे कुठे पाय टेकावा लागतो तुला?"

"मला? कुठेच नाही," ससा चटकन म्हणाला.

हे खरे नव्हते. वाटेतल्या खिंडीच्या खाली एक मुरमाचे वळण होते. तिथे तो दरवेळी पाय टेकत असे, आणि दोनदा तर सायकलीसकट घसरलाही होता. पण हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. न सांगता सांगता त्याचे त्यालाही ते आठवेनासे झाले होते.

"एवढ्या मधात दोन्ही टायर होतील," घोरपड म्हणाली. "चिमटा घेतलास तर आणखी काही व्हायचं नाही. मी असते तर टायर घेतले असते."

टायर बदलले तर पाणवठ्यावर कोणाच्या लक्षात तरी येईल का, असे सशाच्या मनात आले. तो म्हणाला, "मला चिमटाच हवा."

"सायकल तुझी, मध तुझा," असे म्हणून घोरपडीने पाना उचलला. आपले म्हणणे ऐकले नाही म्हणून तिने कामात काही हात आखडता घेतला नाही. चिमटा नीट बसवला, प्रत्येक नट दोनदा आवळला आणि सायकल त्याच्या स्वाधीन केली.

पुढचे आठ दिवस ससा फार सुखात होता. मनगटे ठणकायची थांबली. मोराने दोनदा मान वळवून सायकलीकडे पाहिले.

नवव्या दिवशी सकाळी वैद्याने त्याला घाईघाईने हाक मारली. "ओढ्याकाठच्या सायाळीच्या पिल्लाला फुरसं चावलंय. कावळा आत्ताच सांगून गेला. हा काढा ऊन चढायच्या आत त्याच्या पोटात गेला पाहिजे. उशीर झाला तर काही सांगता येत नाही."

सशाने तुंबा बांधला आणि सायकल उतारावर घातली. खिंडीतले धोंडे आले तसे चिमट्याने ते गिळून टाकले. इतक्या वेगाने ससा या वाटेने कधीच आला नव्हता. हातांना दणके बसत होते तोवर तो आपोआप सावकाश जात असे. आता दणके नव्हते, त्यामुळे सावकाश जायची आठवण करून देणारेही काही उरले नव्हते. मुरमाचे वळण समोर आले तेव्हा त्याने ब्रेक दाबले. चाके थांबली, पण सायकल थांबली नाही. पुढचे चाक बाजूला सरकले, ससा घाणेरीच्या जाळीत जाऊन पडला आणि तुंबा एका धोंड्यावर आपटून फुटला.

जाळीतून बाहेर येऊन पाहतो तर काढा मुरमात जिरत होता. ओंजळीत धरण्याइतकाही उरला नव्हता.

सशाची नजर वाटेवर गेली. एक रानडुक्कर तिथून खाली गेले असावे. त्याच्या खुरांचे ठसे मुरमात खोल आणि स्पष्ट उमटले होते. त्यांच्या शेजारी सशाच्या चाकाची खूण होती. पिठावरून बोट ओढावे तशी ती एक लांब, गुळगुळीत रेघ होती. तिच्यात नक्षीचा एकही ठसा नव्हता.

पुढचे चाक वाकले होते. सायकल तिथेच टाकून ससा चढावर धावत सुटला.

वैद्याने फुटलेला तुंबा पाहिला. त्याने विझत आलेली चूल पुन्हा फुंकली आणि मुळ्या ठेचायला घेतल्या. काढा आटायला वेळ लागतोच, त्याला कोणाचा इलाज नसतो. ससा चुलीपाशी बसून भांड्यातल्या बुडबुड्यांकडे पाहत राहिला. सावल्या आखडत आखडत पायांखाली आल्या.

"वैद्यबुवा, पायी जाऊ ना?" त्याने हळूच विचारले.

"पायीच जा," वैद्य म्हणाला. "आणि तुंबा पोटाशी धर."

ससा ओढ्याकाठी पोहोचला तेव्हा ऊन कलले होते. सायाळ बिळाच्या तोंडाशी सारे काटे फुलवून उभी होती. तिने तुंबा घेतला आणि आत गेली.

पिल्लू वाचले. पण फुरसे चावले होते तो मागचा पाय सुजून काळानिळा पडला आणि सूज उतरल्यावरही ताठच राहिला.

चौथ्या दिवशी ससा दुसरे औषध घेऊन पायी खाली गेला. सायाळ बाहेर आली. ती थकलेली दिसत होती.

"वैद्यबुवांचा निरोप आला होता," ती म्हणाली. "काढा सकाळीच मिळाला असता तर पाय वाचला असता म्हणे. तू पडलास असं कळलं. तुला फार लागलं का रे?"

तिने दोष दिला असता तर सशाने एखादी सबब सांगितली असती. वळण वाईट आहे, मुरूम सुटा आहे, असे काहीतरी तो बोलला असता. पण ती त्याची विचारपूस करीत होती.

"सायाळताई," तो म्हणाला, "वाटेचा दोष नाही. माझे टायर झिजले होते. घोरपडआजीनं मला तसं सांगितलंही होतं. त्या वळणावर मी आधीही घसरलो होतो, पण तिनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. टायर घ्यायचे सोडून मी वानरासारखा चिमटा घेतला."

सायाळीने बिळाकडे वळून पाहिले. आतून पिल्लाच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"मग आता टायर घे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

ससा तिथून निघाला, वळणावर पडलेली सायकल खांद्यावर घेतली आणि सरळ घोरपडीच्या दुकानात गेला. तिने वाकलेले चाक पाहिले, मग सशाचा चेहरा पाहिला. तिला काही विचारावे लागले नाही.

"खिंडीखालच्या मुरमाच्या वळणावर मला पाय टेकावा लागतो," ससा आपण होऊन म्हणाला. "ओढ्याच्या ओल्या दगडांवरही टेकावा लागतो. हा चिमटा काढून घ्या, आजी. याच्या बदल्यात जे मला तिथं धरून ठेवील, ते द्या."

घोरपडीने चिमटा काढला, जुना ताठ चिमटा परत बसवला आणि चाक सरळ केले. मग खोल नक्षीचे दोन जाड टायर चढवले. त्यांत हवा थोडी कमीच भरली. "दगडगोट्यांत हवा बेताची असली की टायर जमीन धरतो," ती म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

पाणवठ्यावर वानराने विचारले, "चिमटा कुठे गेला?"

"दिला," ससा म्हणाला आणि पुढे गेला. त्याची मनगटे पुन्हा ठणकू लागली होती. वळणावर त्याने आधीच ब्रेक दाबले. टायरांनी मुरूम धरला आणि सायकल सावकाश, सरळ खाली उतरली.

त्या दिवशी तुंब्यात पिल्लाच्या पायाला चोळायचे तेल होते. पिल्लू लंगडत बिळाच्या तोंडापर्यंत एकटेच चालत आले. सायाळीने तेल घेतले, सायकलीकडे एकदा पाहिले आणि दारातून थोडी बाजूला सरकली.

"दमला असशील," ती म्हणाली. "बस. पाणी पिऊन जा."

तात्पर्य : आपल्याला काय हवे, हे दुसऱ्याजवळ काय आहे ते पाहून ठरवू नये; आपण जिथे घसरतो, ती जागा प्रामाणिकपणे पाहून ठरवावे.