तिसरं घड्याळ

फार जुनी गोष्ट. एका बंदरावर तुळाजी नावाचा घड्याळजी राहायचा. त्याच्या दुकानात एक शिसवी आणि एक पितळी घड्याळ होतं. लांबच्या सफरीला निघालेल्या गलबतावर त्यांतलं एक जायचं होतं.

तुळाजी रोज सकाळी दोन्ही घड्याळं एकाच वेळेवर लावायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर त्यांच्यात कधी दोन मिनिटांचा फरक, कधी पाच, तर कधी एकाचाच.

"हे पितळीच भरकटतंय," शिसवी म्हणायचं.

"मी नाही, तूच!" पितळी म्हणायचं.

चूक नेमकी कुणाची, याचं कुतूहल मात्र शिसवीला स्वस्थ बसू देईना.

शेवटी तुळाजीने माळ्यावरून एक जुनाट घड्याळ उतरवलं. ते दिवसाला दहा मिनिटं मागे पडायचं. शिसवीला हसू आलं. "आजी, तुम्हीच चुकता, मग आमचा निवाडा कसा करणार?"

"चुकते खरी," आजी म्हणाली, "पण रोज तेवढीच."

आठ दिवस तुळाजीने रोज सकाळी तिघांमधले फरक पाटीवर लिहिले आणि तिन्ही पुन्हा एकाच वेळेवर लावली. आजी पितळीच्या मागे रोज बरोबर दहा मिनिटं होती. शिसवीचा फरक मात्र दोघांशीही रोज वेगळा निघाला.

पितळी गलबतावर चढलं. शिसवी बराच वेळ पाटीकडे बघत राहिलं. मग हळूच म्हणालं, "तुळाजीकाका, माझं मागचं झाकण उघडा ना. आत काय डळमळतंय, ते मलाही बघायचंय."