पाटीवर उरलेले शब्द

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्येने, रुग्ण दारात येण्यापूर्वीच, त्याचा रोग फोनवर शोधला आणि जे सापडले ते त्याला कळवूनही टाकले. पुढे घडले त्याचा आरंभ तिच्याच हातून झाला, हे प्रथम सांगितलेले बरे.

रुग्ण अत्तरांचा व्यापारी होता. निरोपात त्याने एवढेच लिहिले होते: 'वास येत नाही. वैद्यबुवांना विचारून सांगावे.' वैद्यबुवांची वामकुक्षी चालली होती. शिष्येने त्यांना उठवले नाही, फोनला विचारले. मिळालेल्या उत्तरांपैकी जे सर्वांत भयंकर होते, तेच तिला सर्वांत खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापारी आला तो दुकान बंद करून, चाव्या पुतण्याच्या स्वाधीन करूनच. अंगणभर बकुळीची फुले पडली होती. ऊन, सावल्या, फुले, सारे त्याला दिसत होते. परंतु गंधावाचून ते जग संथ पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे झाले होते. शिष्येला वाटले, हा माणूस फुलांवरून नव्हे, फुलांच्या आठवणीवरून चालत येत आहे.

ओसरीवर टेकत तो म्हणाला, "मेंदूत गाठ आहे म्हणे. तुमच्या शिष्येने फोनवर शोधून कळवले. काल गिऱ्हाइकाला मोगरा म्हणून केवडा दिला, वैद्यबुवा. त्याने तो वाखाणून नेला. त्याच्याही मेंदूत गाठच असावी."

वैद्यबुवा हसले नाहीत. त्यांनी नाडीही पाहिली नाही. औषधे लिहिण्याची दगडी पाटी शिष्येपुढे सरकवून, काल फोनला जे जे विचारले ते क्रमाने लिहावयास सांगितले. तिने लिहिले: वास न येण्याची कारणे. वास न येण्याची गंभीर कारणे. वास न येणे आणि मेंदूतील गाठ. मेंदूत गाठ असल्यास माणूस किती जगतो.

"आता शेटजींनी न सांगितलेले सारे पूस."

ती ओल्या फडक्याने पुसू लागली. माणूस गेला, गाठ गेली, 'गंभीर' गेले. अखेर काळ्या ओलाव्यात 'वास न येणे' एवढेच उरले.

"पहिल्या उत्तरात सर्दीचाही उल्लेख असेल. तो वाचलास?"

"वाचला. फार साधा वाटला, म्हणून पुढे गेले."

वैद्यबुवा सावकाश म्हणाले, "भीतीला साधे उत्तर पुरत नाही, मुली. ती प्रश्नात आपला एक शब्द मिसळते आणि तोच उत्तरात परत आला की त्याला पुरावा मानते. फोनने तू विचारलेस तेवढेच सांगितले. शेटजींना त्याने काहीच विचारले नाही. पण तू तरी कुठे विचारलेस?"

शिष्येने फडके खाली ठेवले. मग व्यापाऱ्याकडे वळून तिने विचारले, "कधीपासून येत नाही?"

"नाक वाहायचे थांबले त्या दिवसापासून. अठरा दिवस झाले असतील. हे कोणी विचारलेच नव्हते."

यावरही वैद्यबुवांनी निदान केले नाही. ठरले ते असे: शहरातील नाकाच्या डॉक्टरांनी तपासल्यावाचून रोगाचे नाव कोणीही घ्यायचे नाही, वैद्यबुवांनीसुद्धा नाही. उद्या शिष्येने सोबत जावे. बोलावे मात्र शेटजींनी. पुतण्याकडून चाव्या त्यांनी आज सायंकाळीच परत घ्याव्यात. व्यापाऱ्याने तत्काळ मान्य केले. पाटी कोरडी झाली. मग शिष्येनेही होकार दिला.